एकाच तिकिटात

निर्माता घरी आला तो पांढरेशुभ्र बूट घालून, आणि ते दारात काढायचे की नाही या विचारात त्याने पहिली दोन मिनिटं घालवली. शेवटी काढले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते बघून भोंगीला जरा बरं वाटलं. ज्याच्या मोज्याला भोक आहे तो माणूस आपल्यातलाच असणार, असा तिचा समज झाला, आणि तो समज चांगला दहा मिनिटं टिकला.

भोंगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. नववीपर्यंत ती वर्गात इतकी गप्प असायची की हजेरी घेताना बाईंना दोनदा मान वर करून बघावं लागे. मग क्रीडादिनाला रिले शर्यतीत तिच्या तुकडीची एक मुलगी काठी घेऊन उलट्या दिशेने पळत सुटली, आणि हिच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की पळणाऱ्या सगळ्याच जणी जागच्या जागी थांबल्या. त्यात पलीकडच्या तुकडीच्यासुद्धा! दुसऱ्या दिवसापासून ती भोंगी. नाव तिला मनापासून आवडलं होतं. पंधरा वर्षं साठवून ठेवलेला आवाज ती आता दोन्ही हातांनी उधळत होती.

"दोन भाग," निर्माता म्हणाला आणि त्याने दोन बोटं वर केली. "कादंबरी चारशे बारा पानांची. एका सिनेमात मावणार कशी?"

कादंबरी आत्याची. आत्या दिवसभर एका दातांच्या दवाखान्यात बसून पेशंटांचे नंबर पुकारायची आणि दोन नंबरांच्या मधल्या वेळात लिहायची. अशी सहा वर्षं. आतून ड्रिलचा आवाज यायचा आणि बाहेर ही एकेक वाक्य घासूनपुसून घ्यायची. पुस्तक आलं, थोडंफार खपलं (बरंचसं त्या डॉक्टरांनीच घेतलं, पेशंटांना वाटायला), आणि मग अचानक कुणीतरी ते वाचून सिनेमा काढायचं ठरवलं. निम्मं शूटिंग झालंही होतं. पण करारात लिहिलं होतं 'एक चित्रपट'. एकाचे दोन करायचे तर आत्याची नवी सही लागणार होती. तेवढ्यासाठी ते पांढरे बूट इथवर आले होते.

"आजकालची पोरं दोन तासांपलीकडे बसतच नाहीत हो," निर्माता म्हणाला. "आमचा अभ्यास आहे. दोन तास झाले की चुळबुळ, मोबाइल, बाथरूम. म्हणून पहिला भाग दोन तासांचा. आत्ता झालंय तेवढंच लावायचं."

"पहिला भाग संपतो कुठे?" भोंगीने विचारलं.

"दारात!" त्याचे डोळे चमकले. "पहाट आहे. चार वर्षांची पोरगी झोपलीय. बाई बॅग उचलते, तिच्याकडे बघते, दार ओढून घेते. कडी वाजते. काळा पडदा! अख्खं थिएटर सुन्न!"

"आणि ती परत येते ते?"

"ते दुसऱ्या भागात. दोन-अडीच वर्षांनी. पहिला चालला तर."

"आणि नाही चालला तर?"

"चालेल की गं."

"अहो पण नाहीच चालला तर?"

निर्मात्याने चहाचा घोट घेतला. "तर मग दुसरा काढणार कोण?"

भोंगीने आईकडे बघितलं. आई आपले कामाचे हातमोजे शिवत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण सुई तेवढी थांबली.

कारण ती बॅग उचलणारी बाई म्हणजे आई होती. आणि झोपलेली पोरगी म्हणजे भोंगी. पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'सर्व पात्रे काल्पनिक' असं ठसठशीत छापलेलं होतं आणि घराबाहेर हे कुणाला म्हणजे कुणालाही ठाऊक नव्हतं. निर्मात्याला तर नव्हतंच. त्याला आपली ती लेखिकेची वहिनी वाटत होती, चहा करणारी.

उठता उठता त्याने सहीसाठी आणलेलं पत्र टेबलावर ठेवलं. "रविवारी सकाळी चाचणी खेळ ठेवलाय. शाळेतली पोरं बोलावतो, बघून झाल्यावर कार्डं भरून घेतो. तुम्ही पण या, बघा, मगच सही करा. जवळची शाळा कुठली इथे?"

आणि आत्याने, दिवसभर नंबर पुकारून पुकारून विचारलं की उत्तर द्यायची सवय लागलेल्या आत्याने, भोंगीच्याच शाळेचं नाव सांगून टाकलं.

तो गेल्यावर भोंगीचा भडका उडाला. "आत्या, तू सही करणार नाहीस!"

"अगं, हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! चार वर्षांच्या मुलीला टाकून गेली, एवढंच दिसणार सगळ्यांना. अडीच वर्षं तेवढंच! आणि दुसरा भाग आलाच नाही तर कायमचं!"

आत्या पत्राच्या कडा सरळ करत राहिली. त्या कडा सरळच होत्या. "मला का कळत नाही ते? पण बाळा, अर्धी तर अर्धी, माझी गोष्ट पडद्यावर येतेय. माझ्यासारखीचं पुस्तक पुन्हा कोण विचारणार आहे?"

 आत्याच्या डोळ्यांत एवढा लोभ भोंगीने कधी पाहिला नव्हता, आणि तो लोभ लहान मुलाचा असतो तसा होता.

"सही करून टाका, वन्सं," आई म्हणाली.

"आई!"

"काय आई? गेलेच होते ना मी? खोटं काय आहे त्यात?"

"अर्धंच आहे ते!"

"मग अर्धं." आईने दोरा दाताने तोडला. "लोक तेव्हाही बोलले. मेले का मी?"

हातमोजे पिशवीत टाकून ती आत गेली. तो विषय घरात असाच संपायचा. दहा वर्षं असाच संपत आला होता.

*

रविवारी सकाळी दहा वाजता थिएटर दहावीच्या दोन्ही तुकड्यांनी भरलं. ऐंशी पोरं, फुकटचा सिनेमा, वर चिप्सची पाकिटं. गलका असा की पडदाही हलत असावा. भोंगीच्या शेजारी तिची जिवाभावाची मैत्रीण गॉगल. म्हणजे चष्मा साधाच, पण काचा एवढ्या मोठ्या की दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. अगदी मागच्या रांगेत आत्या आणि आई. आईची बंदरातली पाळी दोन वाजता सुरू व्हायची, म्हणून ती कामाच्या कपड्यांतच आली होती.

सिनेमा वाईट असता तर किती बरं झालं असतं! पण तो चांगला होता. घर तसंच होतं. वडील ज्यात गेले तो बंदराच्या धक्क्यावरचा अपघात दाखवलाच नव्हता, नुसतं त्यांचं ताट दाखवलं होतं, झाकून ठेवलेलं. नटी आईसारखी अजिबात दिसत नव्हती, पण बॅग उचलताना तिचा उजवा खांदा आईसारखाच खाली झुकला. हे तिला कुणी सांगितलं असेल?  मग कडी वाजली. काळा पडदा, त्यावर 'पहिला भाग समाप्त'. दिवे लागले.

थिएटर सुन्न वगैरे काही झालं नाही.

"शी! काय बाई आहे!" पुढून कुणीतरी म्हणालं.

"नवरा गेला तर पोरगी गळ्यात नको झाली."

"नटूनथटून गेली असेल कुठेतरी. कळेल दुसऱ्या भागात!" हशा पिकला.

आणि गॉगल, भोंगीची गॉगल, चिप्स खात अगदी सहज म्हणाली, "माझ्या आईने असं केलं असतं ना, तर मी जन्मात तिचं तोंड बघितलं नसतं."

भोंगीने मागे वळून बघितलं. आई ताठ बसली होती. बंदरातल्या वाऱ्यात बसते तशी, डोळे बारीक करून. तिला सगळं ऐकू आलं होतं आणि ती ते अंगावर घेत होती, जणू ते तिच्याच वाटणीचं होतं.

निर्माता माइक घेऊन पडद्यासमोर आला. "काय मंडळी, आवडला ना? हातात कार्ड आलंय, त्यावर एकच प्रश्न आहे. दुसरा भाग पाहाल का? हो किंवा नाही. लिहा पटापट!"

ऐंशी पेनं खाली झुकली. आता कोण 'नाही' लिहिणार? ऐन मोक्याला गोष्ट तोडायची आणि वर विचारायचं, पुढचं हवं का! म्हणजे भुकेल्याच्या पुढ्यातलं ताट उचलायचं आणि विचारायचं, जेवणार का! भोंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती कधी उठली, पुढे कशी गेली, तिचं तिला कळलं नाही. कळलं तेव्हा ती पडद्यासमोर उभी होती आणि ओरडत होती, "थांबा! कुणी काही लिहू नका! पुढचं मी सांगते!"

"बाळ, खाली बस," निर्माता म्हणाला.

"नाही बसणार."

"अगं, पुढचं सांगायचं नसतं! मजा जाते!"

"मजा?" भोंगी म्हणाली. "ती बाई तिकडे दारात उभी आहे आणि तुम्ही मजा म्हणता?"

निर्मात्याने माइक छातीशी धरला. पण भोंगीला माइकची गरज होती कधी? बाजूच्या दाराला टेकून दिग्दर्शिका उभी होती, केसात पेन खोचलेली, दमलेली बाई. ती निर्मात्याला एवढंच म्हणाली, "बोलू द्या तिला."

आणि भोंगीने सांगायला सुरुवात केली.

तिने सांगितलं की बाई नटूनथटून कुठेही गेली नव्हती. नवरा ज्या धक्क्यावर गेला, त्याच धक्क्यावर तिने काम मागितलं, तर तिला कँटीनमध्ये भांडी घासायला सांगितलं. ती म्हणाली, मला ते वरचं काम द्या. क्रेनचं. माणसं पोट धरधरून हसली. म्हणून ती समुद्रापलीकडच्या एका बंदरात गेली, जिथे बायकांना क्रेन शिकवायचे. पहिले सहा महिने तिला क्रेनला हातही लावू दिला नाही. कमरेला पट्टा बांधून वर लटकायचं आणि केबिनच्या काचा बाहेरून पुसायच्या.

"किती उंचावर?" मागून एकाने विचारलं.

"आपली शाळा चारदा एकमेकीवर ठेव."

"बापरे."

"मग परीक्षा. हुकाला काठोकाठ भरलेली पाण्याची बादली टांगायची, ती उचलायची, धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायची आणि एका पाटावर ठेवायची. थेंब सांडला की नापास."

"ती पास झाली?"

"दोनदा नापास झाली! दोन्ही वेळा शिकवणारा म्हातारा म्हणाला, बाई, घरी जा. ती म्हणाली, घरीच जायचंय, म्हणून तर शिकतेय."

कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. भोंगीला आता चांगलाच जोर चढला होता. हातांनी ती बादली उचलत होती, पावलं मोजत पडद्यासमोरून चालत होती, आणि ऐंशी डोकी तिच्या मागोमाग डावीकडून उजवीकडे वळत होती.

"आणि इकडे ती पोरगी?" गॉगलने विचारलं. चिप्सचं पाकीट तिच्या मांडीवर तसंच पडलं होतं.

"पोरगी आत्याकडे. आत्या दर महिन्याला तिला भिंतीशी उभी करायची, टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा लावायची, तेवढाच कापायची आणि पाकिटात घालून पाठवायची. बाई तो दोरा केबिनमध्ये बांधून ठेवायची. एकोणीस महिने, एकोणीस दोरे. प्रत्येक आधीच्यापेक्षा जरासा लांब."

 मग तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला, चाचरत. "भोंगे, तुझी आई… बंदरात क्रेन चालवते ना गं?"

 सांगण्याच्या भरात भोंगी हेच विसरली होती. गोष्ट सांगायची म्हणजे हेही सांगावं लागणार. क्षणभर तिला नववीतल्यासारखं व्हावंसं वाटलं, हजेरीत न सापडणारं. मग तिने हनुवटी वर केली.

"हो," ती म्हणाली. "ती माझी आई आहे. आणि झोपलेली पोरगी मी. आता बोला, काय बोलायचं ते."

 गॉगलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. निर्माता आत्याकडे बघत राहिला, मग तिच्या शेजारच्या चहा करणाऱ्या वहिनीकडे.

"मग ती परत आली," भोंगी म्हणाली. आवाज आता जरा खाली आला होता, पण तुटला नव्हता. "दार मी उघडलं. तिने बॅग खाली ठेवली आणि हात पुढे केला तो बरोब्बर माझ्या डोक्याच्या उंचीवर. तिला माहीत होतं ना, दोऱ्यांवरून! आणि मी काय म्हटलं माहितेय? 'तुम्ही कोणाकडे आलात?' पाहुण्यांना विचारतात तसं. नऊ दिवस मी तिला पाहुणीसारखं 'अहो' म्हणत होते, आणि ती नऊ दिवस…"

"अकरा."

सगळी डोकी मागे वळली. आई उभी राहिली होती.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "तू लहान होतीस, तुला नाही आठवायचं. मी मोजलेत."

भोंगीने आयुष्यात पहिल्यांदा आईला या विषयावर पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं. "मग तू सांग," ती म्हणाली.

"मला नाही येत असं सांगायला."

"सांगा ना, काकू," गॉगल म्हणाली. अगदी हळू.

आईने पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, क्रेनचा लिव्हर धरतात तशी. "बाराव्या दिवशी हिच्या बोटात कुसळ गेलं. रडत आली. वन्सं दारातच बसल्या होत्या. त्यांना ओलांडून ही माझ्याकडे आली, बोट पुढे केलं आणि म्हणाली, तू काढ." तिने लांबून भोंगीकडे बघितलं. "बादली उचलताना हात कापला नव्हता. तेव्हा कापला. पण काढलं मी कुसळ. एवढंच आहे. पुढचं काही सिनेमात घालण्यासारखं नाही, शाळेचा डबा आणि गृहपाठ."

ती बसली. आत्या ढसाढसा रडत होती. आपणच लिहिलेली गोष्ट आपण पहिल्यांदाच ऐकतोय, असा तिचा चेहरा झाला होता.

दिग्दर्शिकेने मनगटावरचं घड्याळ निर्मात्यासमोर धरलं. "सिनेमा संपून बेचाळीस मिनिटं झाली. चित्र नाही, गाणं नाही, काही नाही. एक पोर हललेलं नाही. हा बघा," तिने कडेच्या मुलाकडे बोट केलं, "हा मघापासून पाय आवळून बसलाय, पण उठला नाही. दोन तासांपलीकडे बसत नाहीत म्हणालात ना?"

तो मुलगा तेवढ्यात बाथरूमकडे धावला.

"तोंडी सांगणं वेगळं आणि सिनेमा वेगळा," निर्माता म्हणाला. पण त्याने पहिल्या रांगेतली कार्डं गोळा केली आणि वाचायला लागला. दुसरा भाग पाहाल का? एकावर लिहिलं होतं, 'पाहिला. छान होता.' दुसऱ्यावर, 'आत्ताच झाला ना?' तिसऱ्यावर नुसती बादली काढली होती. त्याने गठ्ठा उलटा करून बघितला, जणू मागच्या बाजूने तरी काही कामाचं निघेल.

मग तो रांगांमधून वर गेला, थेट आत्याकडे. "मॅडम, ती मुलगी आहे, तिचं सोडा. तुम्ही विचार करा. सही नसेल तर निम्मं शूटिंग तसंच पडेल. पुढचं चित्रित करायला मी आत्ता उभा राहणार नाही. कदाचित सिनेमा येणारच नाही. तुमचं पुस्तक जिथे होतं तिथेच राहील. दातांच्या दवाखान्यात."

आत्याने पर्समधून ते पत्र काढलं. भोंगी पडद्यापासून धावत निघाली, पण रांगा फार होत्या आणि पोरांचे पाय मधे होते. आत्याने पेन उघडलं. पत्रावर बघितलं. मग शेजारी बघितलं. "वहिनी?"

"परवा म्हटलं होतं मी, सही करून टाका," आई म्हणाली. "चुकलंच माझं." मग ती निर्मात्याकडे वळली. "मी गेले ते दाखवा, साहेब. खुशाल दाखवा. मी लपवत नाही. पण मी परत आले होते. तेही दाखवायचं. त्याच तिकिटात, त्याच अंधारात, लोक खुर्चीवरून उठायच्या आत. जमत नसेल तर आमच्या दाराची कडीसुद्धा वाजवायची नाही."

आत्याने पेनाचं टोपण लावलं. पत्राच्या चार घड्या घालून ते निर्मात्याच्या हातात दिलं. "एकच चित्रपट," ती म्हणाली. दवाखान्यात शेवटचा नंबर पुकारून झाल्यावर उशिरा आलेल्याला ती ज्या सुरात सांगते ना, त्याच सुरात. "नाहीतर नाही."

"तुम्ही पस्तावाल."

"पस्तावेन. रडेनसुद्धा. पण सही नाही करणार."

निर्माता पत्र खिशात कोंबून निघाला. जाताना म्हणाला, "कळवतो." यात हो होतं की नाही, कुणालाच कळलं नाही. भोंगी धापा टाकत वर पोचली तेव्हा त्याची पाठ दिसली आणि तिला पुन्हा ओरडावंसं वाटलं, पण आईने तिचं मनगट धरलं. घट्ट. ओढायला नव्हे, नुसतंच.

बाहेर पॅसेजमध्ये पोरांनी आईला घेरलं. वरून चक्कर येते का, काकू? माणसं मुंगीएवढी दिसतात का? एका मुलाने तर, मला शिकवाल का, असंही विचारून टाकलं. गॉगल लांब उभी होती, बुटाच्या टोकाने फरशी कोरत. भोंगी तिच्याकडे गेली नाही. जाईल उद्या, किंवा परवा. एवढ्या लवकर कशाला?

दिग्दर्शिका गर्दी बाजूला सारत आली. केसातलं पेन आता तिच्या हातात होतं. "ताई, त्या केबिनपर्यंत शिडी आहे ना? किती पायऱ्या आहेत?"

"कशाला?" भोंगीने विचारलं. "साहेब तर नाही म्हणाले."

"साहेब कळवतो म्हणाले. तोवर मी काय हात बांधून बसू?"

आईने दिग्दर्शिकेला खालून वर न्याहाळलं. चपला, ओढणी, दमलेला चेहरा. मग पिशवीतून हातमोजे काढले आणि घालायला लागली, कारण पावणेदोन होत आले होते.

"तोंडी नाही सांगणार," ती म्हणाली. "दोन वाजता माझी पाळी सुरू होते. या धक्क्यावर. चढा माझ्यामागून, मोजा एकेक. मग दाखवा लोकांना."

आणि ती चालायला लागली. दिग्दर्शिका तिच्यामागे. आत्याही निघाली, नाक पुसत. आणि भोंगीने पॅसेजभर घुमेल असा आवाज लावला, "आई, थांब! मी पण!"